सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पुस्तकं आणि पिक्चर कसे निवडायचे, पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी पुस्तक निवडायची वेळ आली की आपली गडबड होते. चित्रांची पुस्तकं त्यांना "बाळांची" वाटतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या जड जातात, आणि मग आपण त्यांच्या हातात जे ठेवतो ते बहुतेक वेळा त्यांनी वाचावं असं आपल्याला वाटत असतं तेच असतं, त्यांना वाचावंसं वाटेल ते नसतं. मी बरीच वर्षं या वयाच्या मुलांबरोबर बसून पुस्तकं वाचतेय, पिक्चर बघतेय, आणि माझं ठाम मत झालंय की या वयात पुस्तक आणि पिक्चर एकमेकांचे शत्रू मानायचे नाहीत, जोडीने द्यायचे. पिक्चरमुळे वाचन सुटतं असं खूप जण म्हणतात, मला उलटाच अनुभव आलाय. तुम्ही आई-बाबा असाल, मावशी-काका असाल, नाहीतर नुकताच शाळेत लायब्ररीचा तास मिळाला असेल, तर खालच्या पायऱ्यांनी जाऊन बघा. सगळ्या एका आठवड्यात करायच्या नाहीयेत, दोन-तीन महिने लागले तरी चालतील.

पायरी १: "काय आवडतं?" असं विचारू नका

कारण उत्तर ठरलेलं आहे, "माहीत नाही" किंवा "काहीच नाही". हा उद्धटपणा नसतो, त्यांना खरंच सांगता येत नाही. त्यापेक्षा विचारा की कुठला पिक्चर तू दोनदा बघितलास, त्यातला कुठला सीन परत परत लावतेस, आणि कुठला भाग पुढे ढकलतेस. या तीन प्रश्नांवर मुलं धडाधडा बोलतात आणि आपल्याला पाहिजे ते सगळं त्यातून कळतं.

एका मुलीने मला सांगितलं होतं की तिला फक्त भुताचे पिक्चर आवडतात. मी जरा घाबरलेच, या वयाला भुताचं काय देणार! पण तिच्या आवडीचे सीन ऐकले तर त्यात भूत नव्हतंच, बंद पडलेलं घर होतं, जुनी पेटी होती, कोणीतरी काहीतरी लपवलंय असं होतं. तिला रहस्य हवं होतं आणि त्याला ती भूत म्हणत होती. असं खूप होतं. "फायटिंगचा पिक्चर" म्हणणाऱ्या मुलाला पुष्कळदा फायटिंग नकोच असतं, एकटा पडलेला मुलगा शेवटी जिंकतो ते हवं असतं. ज्याला गोष्टी नकोत म्हणून पालक तक्रार करतात त्याला "हे खरंच घडलंय" एवढं सांगितलं की तोच पुस्तक खाली ठेवत नाही. आणि ग्रुपमधून बाहेर पडल्याची, नव्या शाळेत कोणी ओळखत नसल्याची भावना तर या वयात जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी येतेच, त्यामुळे मैत्रीची गोष्ट सहसा चुकत नाही.

पायरी २: पुस्तक जड आहे का ते तपासा

सोपी पद्धत आहे. मधलं कुठलंही पान उघडा, मुलाला वाचू द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. एका पानात पाच बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा, एक-दोन मिटली तर उत्तम. ही पद्धत मुलांना स्वतःलाच शिकवून टाका म्हणजे ती लायब्ररीत आपली आपण निवडतात आणि आपण मधे मधे करायची गरज राहत नाही.

मराठीच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. इंग्रजी शाळेत जाणारी मुलं मराठी छान बोलतात, गोष्ट पूर्ण समजते, पण वाचायचा स्पीड कमी असतो, जोडाक्षराला अडखळतात आणि दोन पानांत दमतात. म्हणजे अडचण डोळ्यांची आहे, समजण्याची नाही. अशा मुलांना सोपं आणि बालिश पुस्तक देऊ नका, त्यांचा अपमान होतो! त्यांच्या वयाचंच पुस्तक द्या आणि पहिली दहा-पंधरा पानं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मग एक पान तू एक पान मी असं करा. आठवीतल्या मुलाला वाचून काय दाखवायचं असं वाटेल, पण मी करते आणि मुलं ऐकतात, फक्त इतर मित्रांसमोर करू नका.

अनुवादाला कमी समजू नका. शांता शेळक्यांनी अनुवाद केलेलं चौघीजणी वाचून मोठ्या झालेल्या किती बायका मला भेटल्यात, मूळ पुस्तक १८६८ चं आहे हे त्यांच्या लक्षातही नसतं. तोत्तोचान पण तसंच, जपानी पुस्तक आहे, १९८१ चं, एका खऱ्या शाळेची गोष्ट जिथे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरायचे. पाचवी-सहावीच्या मुलाला ते डबेच पुरेसे असतात.

पायरी ३: पहिलं पुस्तक पटकन पकडणारं पाहिजे

"चांगलं" पुस्तक दुसरं द्या, पहिलं पकडणारं द्या. प्रकरणं छोटी असावीत, पहिल्या पाच-सहा पानांत काहीतरी घडावं, आणि नायक साधारण त्यांच्याच वयाचा किंवा वर्ष-दोन वर्षांनी मोठा असावा. मुलांना स्वतःपेक्षा लहान मुलाची गोष्ट आवडत नाही, मोठ्याची आवडते, हे कायम लक्षात ठेवा.

माझी हुकमी निवड म्हणजे लुईस सॅकरचं होल्स, १९९८ चं. चोरीचा खोटा आळ आलेला एक मुलगा अशा कॅम्पवर पाठवला जातो जिथे रोज एक खड्डा खणायचा, पाच फूट खोल आणि पाच फूट रुंद, का खणायचा ते कोणी सांगत नाही. एवढं सांगून मी थांबते आणि पुस्तक टेबलावर ठेवून देते. ५० प्रकरणं आहेत पण काही तर दोन-दोन पानांची, त्यामुळे "आज चार चॅप्टर वाचले" असं मूल अभिमानाने सांगतं. मराठीत हीच जागा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची आहे, सायकलवरून वेगात जाणारा किडकिडीत मुलगा, संकट त्याला शोधत येतं, आणि एक पुस्तक संपलं की पुढचं तयार. या वयात सीरिजची ताकद फार मोठी आहे. "एकसारखंच काय वाचतोस" असं म्हणून ती तोडू नका, त्या सातव्या-आठव्या पुस्तकापर्यंत वाचनाचा स्पीड आपोआप वाढलेला असतो.

आणि चित्रांचं पुस्तक. ग्राफिक नॉव्हेल हे वाचन नाहीच असं म्हणणारे अजून भेटतात. २०२० चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला मुलांच्या साहित्याचा मोठा सन्मान, जेरी क्राफ्टच्या न्यू किड या ग्राफिक नॉव्हेलला मिळालं, असं पहिल्यांदाच झालं. नव्या शाळेत गेलेल्या सातवीतल्या मुलाची गोष्ट आहे. चित्रातला चेहरा, फुग्यातलं वाक्य आणि दोन चौकटींच्या मधे जे दाखवलेलं नाही ते, हे तिन्ही जोडून अर्थ लावावा लागतो, ते काम सोपं नाही.

त्या "भुताच्या पिक्चर"वालीला मी काय दिलं ते राहिलंच. ब्रायन सेल्झनिकचं ह्यूगो कॅब्रेचं पुस्तक. पाचशेच्या वर पानं, हातात घेतलं की वीट वाटते, पण निम्म्याहून जास्त पानं नुसत्या पेन्सिलच्या चित्रांची आणि चित्रं पण अशी की गोष्ट मधेच चित्रांतून पुढे सरकते. रेल्वे स्टेशनच्या भिंतींमागे राहणारा मुलगा, बिघडलेला यंत्रमानव, वडिलांची वही. तिने दोन दिवसांत संपवलं आणि एवढं जाड पुस्तक आपण वाचलं हे तिने घरात सगळ्यांना सांगितलं, तो जाडजूडपणासुद्धा कामाला येतो बघा.

पायरी ४: आता जोडी लावा

आधी पुस्तक की आधी पिक्चर? माझा नियम असा की जे मूल वाचायला कंटाळतं त्याला आधी पिक्चर दाखवा, माणसं आणि जागा डोळ्यासमोर तयार झाल्या की वाचणं हलकं होतं, आणि जे मूल आधीच वाचतं त्याला आधी पुस्तक द्या नाहीतर त्याने मनात तयार केलेले चेहरे पुसले जातात आणि त्याला खरंच वाईट वाटतं.

ह्यूगोची जोडी सोपी आहे, मार्टिन स्कॉर्सेसीने २०११ मध्ये त्यावर पिक्चर केला. पण माझी मजा त्याच्या पुढे आहे. गोष्टीतला म्हातारा खेळणीवाला म्हणजे जॉर्ज मेलिएस हा खराखुरा माणूस, सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातला जादूगार, आणि त्याचा १९०२ चा चंद्रावरच्या प्रवासाचा मूकपट जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे. पुस्तक, मग पिक्चर, मग तो मूकपट. चंद्राच्या डोळ्यात रॉकेट घुसतं तेव्हा मुलं ओरडतात, कारण ते चित्र त्यांनी पुस्तकात बघितलेलं असतं.

होल्सचा पिक्चर २००३ चा आणि पटकथा सॅकरनेच लिहिली. म्हणून इथे मुलांशी वेगळं बोलता येतं. पुस्तकातला नायक जाडा आहे, पिक्चरमधला बारीक आहे, लेखक तोच असून हे का चालवून घेतलं असेल? माझ्या एका ग्रुपमध्ये यावर अर्धा तास वाद झाला होता.

फास्टर फेणेवरचा २०१७ चा पिक्चर दाखवताना आधी सांगून ठेवा की इथला फेणे मोठा झालाय, मेडिकलच्या वाटेवरचा तरुण आहे, आणि स्वतः भा. रा. भागवत हे त्यात एक पात्र आहेत. न सांगता दाखवलं तर लहान मुलं हिरमुसतात. विषय पण जरा मोठ्यांचा आहे, मी आठवीच्या आत दाखवत नाही.

खऱ्या गोष्टी मागणाऱ्यांसाठी विल्यम कामक्वाम्बाची. मलावी देशातला मुलगा, दुष्काळ पडला, फी भरता आली नाही म्हणून १४ व्या वर्षी शाळा सुटली, मग गावातल्या छोट्या लायब्ररीत एक ऊर्जेवरचं पुस्तक सापडलं आणि त्यातलं चित्र बघून सायकलचे आणि भंगारातले पार्ट जोडून त्याने पवनचक्की उभी केली. पुस्तक द बॉय हू हार्नेस्ड द विंड, २००९ चं, त्याच नावाचा पिक्चर २०१९ चा. हा पिक्चर बघून मुलं पहिला प्रश्न भावनेचा विचारतच नाहीत, डायनॅमो कसा चालतो ते विचारतात. जवळ जुन्या सायकलचा डायनॅमो असेल तर आधीच शोधून ठेवा.

जपानी हायाओ मियाझाकीचे ॲनिमेशनपट या वयाला फार लागू पडतात. हाऊल्स मूव्हिंग कॅसल हा २००४ चा पिक्चर डायना विन जोन्सच्या १९८६ च्या पुस्तकावर आहे, आणि पिक्चरमध्ये युद्ध इतकं मोठं झालंय की मुलांना ती दोन वेगळ्याच गोष्टी वाटतात. चांगलं वाचणाऱ्या मुलालाच ही जोडी द्या, बाकीच्यांना नुसता पिक्चर पुरे.

पायरी ५: आधी स्वतः बघा, स्वतः वाचा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी वाटते म्हणून बरेच जण गाळतात आणि मग फजिती होते. सर्टिफिकेट बघाच पण तेवढ्यावर थांबू नका. सर्टिफिकेटवाले मुख्यतः मारामारी, शिव्या, उघडेपणा बघतात, एखादं मूल कशाने आतून हलेल ते त्यांना कसं कळणार.

ब्रिज टू टेराबिथियाचं उदाहरण देते. २००७ च्या पिक्चरचा ट्रेलर बघितला तर जादूचं राज्य, विचित्र प्राणी, मज्जा असं वाटतं. प्रत्यक्षात ती दोन मुलांच्या मैत्रीची आणि त्यातल्या एकाच्या अचानक मृत्यूची गोष्ट आहे. कॅथरीन पॅटरसनने ते पुस्तक लिहिलं, १९७७ चं, कारण तिच्या मुलाची छोटी मैत्रीण खरोखरच वीज पडून गेली होती, आणि मोठं झाल्यावर त्याच मुलाने पिक्चरच्या पटकथेवर काम केलं. फार सुंदर पुस्तक आहे, जरूर द्या, पण आधी माहीत असू द्या. मी एकदा न बघता ट्रेलरवर विसंबून दाखवला आणि खोलीत एक मुलगा असा होता ज्याच्या घरी नुकतंच कोणीतरी गेलं होतं. तो उठून बाहेर गेला आणि मला त्याच्याशी काय बोलावं सुचेना. तेव्हापासून पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय मी काहीही लावत नाही.

आधी बघताना मी चार गोष्टी लिहून ठेवते, कोणाचा मृत्यू आहे का आणि तो अचानक आहे का, प्राण्याला काही होतं का (यावर मुलं माणसांपेक्षा जास्त रडतात), शाळेतला छळ किती दाखवलाय, आणि दिसण्यावरून, जातीवरून, रंगावरून कोणाला चिडवलंय का. यातलं काही असलं म्हणून पिक्चर बाद होत नाही. आधी दोन वाक्यं बोलून ठेवायची, एवढंच. वंडर हे २०१२ चं पुस्तक आणि त्यावरचा २०१७ चा पिक्चर हा पूर्णच चेहरा वेगळा असलेल्या मुलाला शाळेत काय सोसावं लागतं त्याबद्दल आहे, तरी सहावीसाठी मी तो पहिल्या पाचात ठेवते, कारण गोष्ट त्या मुलापाशी थांबत नाही, मधेच त्याची बहीण बोलायला लागते, मग मित्र, आणि प्रत्येकाची बाजू कळत जाते.

पायरी ६: पिक्चर बघण्याची बैठक

मोबाईल दुसऱ्या खोलीत, तुमचासुद्धा. दोन तासांचा सलग पिक्चर जमत नसेल तर दीड तासाचे निवडा. आणि मधे थांबवून समजावू नका! मोठ्यांना ही फार वाईट सवय असते, पॉज करून "कळलं का त्याने असं का केलं?" मुलाला कळलेलं असतं, पॉजमुळे ते निघून जातं.

सबटायटलला घाबरू नका, सहावीचं मूल आरामात वाचतं आणि नकळत वाचनाचा सराव होतो तो वेगळाच. सुरुवातीला कमी संवादांचा पिक्चर घ्या. माजिद मजिदीचा चिल्ड्रन ऑफ हेवन, १९९७ चा इराणी पिक्चर, दीड तासाचा. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात आणि दोघं एकच जोड वापरतात, ती सकाळच्या शाळेला, तो दुपारच्या. मग एक शर्यत येते जिच्यात तिसऱ्या नंबरला बूट मिळणार असतात. पहिला नको, दुसरा नको, तिसराच पाहिजे! त्या शर्यतीत सगळी खोली उभी राहते, फारसी कोणाला येत नसते तरी.

मराठीत किल्ला. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे नव्या गावात आलेला ११ वर्षांचा मुलगा. संथ आहे, मोठ्यांना वाटतं की मुलं कंटाळतील, पण २०१४ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर हे बक्षीस दिलं ते मुलांच्या ज्युरीने, याच वयाच्या मुलांनी. संथ पिक्चर मुलांना बघवत नाही असं कोणी म्हणालं की मी हे सांगते.

पायरी ७: नंतर बोला, पण परीक्षा घेऊ नका

"यातून काय शिकलास?" हा प्रश्न कायमचा सोडून द्या. त्या प्रश्नाला मुलं आपल्याला आवडेल ते उत्तर देतात, खोटं देतात. विचारा की कोणाचा राग आला, कुठे वाटलं की मी असतो तर असं केलं नसतं, आणि शेवट बदलायचा असेल तर काय करशील. लगेच पण विचारू नका, दुसऱ्या दिवशी विचारा, शक्यतो चालताना किंवा भांडी आवरताना, समोरासमोर बसवून नको.

तेरा-चौदाच्या मुलांसाठी ॲन फ्रँकची डायरी याच पायरीवर येते. १९४२ साली तेराव्या वाढदिवसाला मिळालेली वही, मग लपून काढलेली दोन वर्षं. मुलांना ती इतिहासाचं पुस्तक म्हणून देऊ नका. ॲन आईवर चिडते, स्वतःच्या दिसण्याचा विचार करते, मोठ्यांची नक्कल करते, तिथून मुलं आत शिरतात, आणि पुढे काय झालं ते तुम्ही जवळ असताना कळू द्या. हे पुस्तक वाचल्यावर काही मुलं स्वतः डायरी लिहायला लागतात. ती डायरी वाचायची नाही, कितीही वाटलं तरी.

मिलिंद बोकिलांची शाळा पण नववीच्या तोंडावर द्यायला छान, नायक नववीतलाच आहे. त्यातली भाषा मुलांची खरी भाषा आहे, त्यामुळे आधी स्वतः वाचा आणि मग ठरवा.

पायरी ८: सोडायची परवानगी आणि पुढचं पुस्तक

५० पानं वाचून पटलं नाही तर सोडायचं, कारण न देता. हा नियम मी पहिल्याच दिवशी सांगते आणि गंमत म्हणजे हे सांगितल्यावर मुलं जास्त पुस्तकं पूर्ण करतात, अडकलो असं वाटत नाही ना. परत परत तेच पुस्तक वाचत असेल तर वाचू द्या. सोडलेलं पुस्तक दिसेल असं ठेवा पण विषय काढू नका, सहा महिन्यांनी तेच उचललं जातं.

घरात कोपऱ्यात चार-पाच पुस्तकं नुसती पडलेली असू द्या, एक गमतीचं, एक खरं घडलेलं, एक चित्रांचं, एक जरा वरच्या पातळीचं. "वाच" म्हणू नका. तुम्हीच त्यातलं एक वाचत बसा.

आणि एक दिवस मूल तुम्हाला पुस्तक आणून देईल, "हे वाच, भारी आहे". ते तुमच्या आवडीचं नसेल, ड्रॅगन असतील, नाहीतर फुटबॉल असेल. बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ते दोन दिवसांत वाचा, खरंच वाचा, कारण रोज संध्याकाळी विचारलं जाणार आहे की कुठपर्यंत आलीस, आणि नायकाच्या मित्राने दगा दिला ते आलं का अजून.